सूर्याच्या वाऱ्यांतील सांधेबदल

डोंबिवलीहून रोज आगगाडीनें शाळेस येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्यानें गेल्या पावसाळ्यांत वर्गांत एक तक्रार आणली. प्रयोगशाळेंतील एक लहानसें होकायंत्र त्यानें अभ्यासासाठीं घरीं नेलें होतें. सकाळीं स्थानकावर गाडीची वाट पाहत असतां त्यानें तें बाकावर ठेविलें, तों सुई उत्तर सोडून भलतीकडेच तोंड करून बसली. "सर, ही सुई बिघडलेली आहे," असें म्हणून त्यानें तें आमच्या स्वाधीन केलें. सुई बिघडलेली नव्हती. बाक लोखंडी, वरील छप्पर लोखंडी खांबांवर उभें, आणि समोर लोखंडी रूळ. जें जवळ होतें तें सुईनें सांगितलें. दूरचें ऐकावयाचें असेल तर जवळचा गोंगाट आधीं दूर सारावा लागतो, एवढेंच काय तें.

या प्रसंगावरून आम्हांस मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची हकीकत आठवली. ती वर्गांत सांगूं लागलों, तों ती ठाण्याच्या रुळांवरून थेट सूर्यापर्यंत जाऊन पोंचली. कांहीं पालकांनींहि ती विचारिली, म्हणून येथें लिहून काढीत आहों.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ मध्यें स्थापन केली, व तेथें चुंबकत्वाच्या मापनास १८४१ मध्यें आरंभ झाला. त्या वेळीं तिची व्यवस्था प्रोफेसर ऑर्लेबर यांजकडे असे. त्यांच्या हाताखालीं अलिबागेजवळील नागाव गांवचा एक तरुण काम करी. त्याचें नांव केरो लक्ष्मण छत्रे. पुढें पुण्यास अध्यापक झाल्यावर सारा महाराष्ट्र त्यांस केरूनाना म्हणून ओळखूं लागला, आणि सूर्यावरील डागांचा व पावसाचा कांहीं संबंध आहे काय, हा विचारहि त्यांनीं केला. १८४६ पासून कुलाब्यास नियमित नोंदी होऊं लागल्या. टांगलेल्या चुंबकाचें किंचित् वळणें दुर्बिणींतून मोजपट्टीवर वाचावयाचें, तें वहींत लिहावयाचें, आणि तासाभरानें पुन्हां तेंच. रात्रीं, पावसांत, सणावारीं काम तेंच. छायाचित्राच्या साहाय्यानें आपोआप नोंद करणारीं यंत्रें तेथें १८७२ मध्यें आलीं. तोंवर सारें काम डोळ्यांनीं व हातांनीं चाले. चुंबक बेचैन दिसला कीं तासाची वाट न पाहतां थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतरानें वाचन करावें, असा मात्र शिरस्ता होता.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचें चित्र काढीत बसले असतां डागांच्या एका समूहावर त्यांस अकस्मात् पांढऱ्या तेजाचा भडका दिसला, व कांहीं मिनिटांतच तो मावळला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनीं पृथ्वीवरील चुंबक खवळले. युरोप-अमेरिकेंत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. जेथें ध्रुवीय प्रकाश सहसा दिसत नाहीं अशा प्रदेशांतहि रात्रीचें आकाश तांबडें झालें. इंग्लंडांतील वेधशाळांत छायाचित्रानें नोंद करणारीं उत्तम यंत्रें होतीं; परंतु वादळ एवढें मोठें कीं त्यांचा प्रकाशबिंदु कागदाच्या कडेबाहेर निघून गेला, व ऐन वेळची नोंदच राहिली नाहीं. मुंबईस तो शुक्रवार होता, २ सप्टेंबर, दिवसाचा प्रहर. कुलाब्याचे वाचक दुर्बिणीपाशीं बसून आंकडा लिहीत राहिले. ठाण्याहून कल्याणास आगगाडी जाऊं लागून तेव्हां अवघीं पांच वर्षें झालीं होतीं.

मुंबईस पृथ्वीचें आडवें चुंबकबल सुमारे ३७ हजार नॅनोटेस्ला असतें. नॅनोटेस्ला हें चुंबकबलाचें फार लहान माप आहे, एवढें येथें पुरे. त्या दिवशीं कुलाब्याच्या वहींत सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली, म्हणजे शेंकडा चारांहून कांहीं अधिक. हा आंकडा वहींतच पडून राहिला. १४४ वर्षांनीं, २००३ मध्यें, ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना व त्यांचे सहकारी यांनीं तो पुन्हां वाचून, त्या वादळाचा जोर किती होता याचा हिशेब जगापुढें मांडला. पुढच्या संशोधकांनीं त्या हिशेबांत दुरुस्त्या सुचविल्या आहेत; परंतु ज्यावर वाद करावयाचा तो आंकडा कुलाब्याचाच.

पुढें मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरलें. विजेचा प्रवाह रुळांतून जमिनींत झिरपतो, व चुंबकाच्या सूक्ष्म मापनाचा त्यानें विचका होतो. वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख नानाभॉय मूस यांनीं चुंबकाचें काम मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरांवर अलिबागेस हलविण्याची व्यवस्था केली. तेथील इमारती चुंबकास न बाधणाऱ्या पोरबंदरी दगडाच्या बांधण्यांत आल्या. आम्हांस सर्वांत आवडलेली गोष्ट अशी कीं, १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापनें घेण्यांत आलीं; त्यामुळें जुना धागा व नवा धागा यांची गांठ पक्की बसली. ट्राम धांवूं लागल्या त्या १९०७ मध्यें. केरूनानांच्या नागावाशेजारीं ती वेधशाळा केरूनानांच्या पश्चात् जाऊन पोंचली, हा योगायोग आमच्या विद्यार्थ्यांस फार गमतीचा वाटला. आज हें काम भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून तिचें मुख्य ठाणें नवीन पनवेल येथें आहे.

आतां मुख्य प्रश्न. सूर्य आपणांपासून सुमारे पंधरा कोटि किलोमीटर दूर. तेथें भडका उडाला तर कुलाब्याची सुई कां हलावी? मध्यें तर पोकळी आहे, असेंच आपण लहानपणापासून शिकत आलों.

पोकळी खरी, परंतु निखालस पोकळी नव्हे. सूर्याभोंवतीं जें प्रभामंडल खग्रास ग्रहणांत दिसतें, त्याची उष्णता दहा-वीस लक्ष अंशांची असते. एवढ्या उष्णतेंत वायूचे परमाणु फुटून त्यांतून धन कण व ऋण कण सुटे होतात. अशा वायूस प्लाझ्मा म्हणतात. सूर्याचें आकर्षण एवढ्या तप्त वायूस बांधून ठेवूं शकत नाहीं. तो सर्व दिशांनीं बाहेर वाहत राहतो, व वाहतां वाहतां त्याचा वेग सेकंदास सुमारे ४०० किलोमीटर होतो. हाच सौर वारा. पृथ्वीपाशीं पोंचावयास त्यास चार दिवसांच्या आसपास लागतात, आणि तो एवढा विरळ असतो कीं साखरेच्या खड्याएवढ्या जागेंत पांच-दहाच कण सांपडावेत.

हा वारा असलाच पाहिजे, हें यूजीन पार्कर यांनीं १९५८ मध्यें गणितानें दाखविलें. त्यांचा लेख दोन परीक्षकांनीं छापण्यास अयोग्य ठरविला होता. त्या मासिकाचे संपादक आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर होते. पार्कर यांचें म्हणणें त्यांस स्वतःसहि पटलें नव्हतें. परंतु गणितांत चूक सांपडत नाहीं, तेव्हां लेख अडविण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असें ठरवून त्यांनीं तो छापला. चारच वर्षांनीं, १९६२ मध्यें, शुक्राकडे जाणाऱ्या मरिनर-२ या यानानें तो वारा वाटेंत अखंड मोजला. न पटलेला लेख छापणाऱ्या संपादकाविषयीं आम्हांस पार्कर यांच्याइतकाच आदर वाटतो.

हा वारा एकटा येत नाहीं. सूर्याचें चुंबकत्व तो बरोबर ओढून आणतो. चुंबकरेषा म्हणजे काय तें आमच्या विद्यार्थ्यांनीं लोखंडाच्या किसावर पाहिलें आहे: चुंबकावर जाड कागद ठेवून कीस भुरभुरला व कागदास बोटानें हळूच टिचकी दिली कीं किसाच्या रेघा उमटतात. या रेषा खऱ्या दोऱ्यांसारख्या तेथें नसतात. प्रत्येक ठिकाणीं चुंबकबलाची दिशा कोणती, हें दाखविण्याची ती आपली सोय आहे. परंतु प्लाझ्मामध्यें ती सोय फार अर्थपूर्ण होते. ओल्या मातीच्या गोळ्यांत दोरे मळले असतां माती ओढावी तसे दोरेहि ओढले जातात. त्याप्रमाणें प्लाझ्मा जिकडे जाईल तिकडे रेषा जातात. हें तत्त्व स्वीडनचे हान्नेस आल्फव्हेन यांनीं मांडलें. पुढें त्यांनींच याचा सरसकट वापर करूं नका म्हणून बजाविलें, आणि ती सूचना किती योग्य होती तें पुढें दिसेलच.

सूर्य स्वतःभोंवतीं फिरतो. पृथ्वीवरून पाहतां त्याचा एक फेरा सुमारे सत्तावीस दिवसांचा. त्यामुळें वाऱ्याबरोबर ओढलेल्या रेषा बागेंतील फिरत्या फवाऱ्याच्या धारांप्रमाणें वक्र होतात. कांहीं भागांत त्यांचें तोंड सूर्याकडे असतें, कांहीं भागांत सूर्यापासून बाहेर. जेथें असे दोन भाग एकमेकांस लागून येतात, तेथें पातळ पडद्याच्या अलीकडे एक दिशा आणि पलीकडे नेमकी उलट दिशा. या पडद्याशींच आमच्या लेखाचा विषय आहे.

हें समजावून सांगतांना आम्ही बराच वेळ फळ्यावर चित्रें काढलीं व पुसलीं. शेवटीं एका विद्यार्थ्यानें सोय केली. त्याचे वडील रेल्वेंत सांधेवाले होते. तो म्हणाला, "सर, अप आणि डाऊन मार्गासारखेंच हें." आम्हीं खडू त्याच्याच हातीं दिला.

ठाणें स्थानकाशीं दोन रूळमार्ग शेजारीं शेजारीं आहेत असें समजा. एकावरून गाडी मुंबईहून कल्याणास जाते. दुसऱ्यावरून कल्याणहून मुंबईस येते. दिशा उलट, अंतर थोडें. आतां ठाण्यापाशीं दोन्ही मार्ग तोडले, आणि मुंबईकडील दोन टोंकें एकमेकांस व कल्याणकडील दोन टोंकें एकमेकांस वळवून जोडलीं. काय होईल? मुंबईहून आलेली गाडी ठाण्यास वळसा घेऊन मुंबईसच परत जाईल. कल्याणहून निघालेली कल्याणास. रुळांचा एकहि तुकडा कोणीं उचलून नेला नाहीं. तरी कोण कोणाशीं जोडलेला आहे, हें सारें पालटलें. आतां हे रूळ पोलादाचे नसून ताणलेल्या रबराचे आहेत, अशी आणखी एक कल्पना करा. जोड बसतांच ते तीव्र वळसे सरळ होऊं पाहतील, आणि बेचकी सुटावी तसे एक मुंबईकडे व दुसरा कल्याणकडे झेपावेल. जो कोणी त्यावर बसला असेल त्यासहि घेऊन जाईल.

चुंबकरेषांच्या बाबतींत हेंच घडतें. पडदा पुरेसा पातळ झाला कीं अगदीं लहानशा जागेंत मातीनें दोरे सोडावे तसा प्लाझ्मा रेषांस सोडतो. रेषा तुटतात व नव्या भिडूंशीं जुळतात. आणि त्यांत साठलेली शक्ति प्लाझ्माचे दोन झोत दोन उलट दिशांस फेंकण्यांत खर्च होते. इतर भाषांत यास पुनर्जोडणी अशा अर्थाचें नांव आहे. आम्ही मात्र आमच्या विद्यार्थ्याच्या मानाखातर 'सांधेबदल' म्हणणार. येथें एक सावधगिरी: किसाच्या प्रयोगांत दोन चुंबक उलटसुलट ठेवून जवळ आणले तर रेषांचे जोड बदललेले दिसतात खरे, परंतु हवा रेषांस धरून ठेवीत नाहीं, म्हणून तेथें शक्तीचा साठा होत नाहीं व झोतहि उडत नाहींत. जोड कसा पालटतो एवढेंच त्या प्रयोगानें कळतें.

सूर्यावरील भडक्यांचें मूळ अशाच एखाद्या क्रियेंत असावें, हा विचार ऑस्ट्रेलियाचे जिओव्हानेली यांनीं १९४६ मध्यें मांडला. पीटर स्वीट व पार्कर यांनीं त्यास गणित दिलें. परंतु त्या गणिताप्रमाणें सांधेबदल फारच सावकाश व्हावयास पाहिजे, आणि भडका तर मिनिटांत उडतो. १९६४ मध्यें हॅरी पेचेक यांनीं जलद मार्ग सुचविला. वाद मिटला नाहीं. कागदावर कितीहि वाद घातला तरी सूर्याच्या पृष्ठाशीं जाऊन कोणी पाहूं शकत नव्हतें. वाऱ्यांतच कोठें हें घडतांना सांपडलें तर यान तेथें उभें करतां येतें.

यान हें कसें ओळखतें तें नीट पहा. यान जवळजवळ एका जागीं असतें, व वारा त्याच्यावरून वाहत जातो. त्याच्याजवळ मुख्यतः दोन साधनें: एक चुंबकमापक, दुसरें कणांचा वेग मोजणारें यंत्र. एरवीं चुंबकाची दिशा स्थिर असते. मग ती एकाएकीं अर्धी वळते, आणि त्याच क्षणीं वाऱ्याच्या वेगांत सेकंदास कांहीं दशक किलोमीटरांचा फरक पडतो. थोड्या वेळानें दिशा उरलेलें अर्धें वळण पुरें करते, आणि वेग पूर्ववत् होतो. झोताच्या एका कडेंतून आंत शिरलों व दुसऱ्या कडेंतून बाहेर पडलों, याची ही खूण. दिशेच्या बदलावरून वेग किती बदलावा याचा हिशेब करतां येतो, व मोजलेला वेग त्याशीं जुळला कीं शंका राहत नाहीं. जॉन गॉस्लिंग व त्यांचे सहकारी यांनीं एस या यानाच्या नोंदींत ही खूण ओळखून २००५ मध्यें प्रसिद्ध केली. एस १९९७ पासून उड्डाणांत होतें. म्हणजे नोंदी आधींच लिहिलेल्या होत्या, त्यांत काय पाहावयाचें तें नंतर कळलें. कुलाब्याच्या वहीसारखीच ही गोष्ट.

पुढच्याच वर्षीं ताय फान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याहून मोठी गोष्ट दाखविली. २ फेब्रुवारी २००२ रोजीं एकच पडदा एस, विंड व क्लस्टर अशा तीन ठिकाणच्या यानांवरून गेला होता, आणि तिन्ही ठिकाणीं झोत सांपडले. हिशेब केला तेव्हां सांध्याची रेघ निदान पंचवीस लक्ष किलोमीटर लांब ठरली, व क्रिया निदान अडीच तास अखंड चाललेली. पृथ्वीची त्रिज्या ३९० वेळां मांडावी एवढी ती लांबी! तोंवर पुष्कळांस वाटे कीं सांधेबदल ही कोठेंतरी ठिपक्यापुरती, तुटक तुटक होणारी क्रिया असावी. प्रत्यक्षांत तोडण्याची जागा अगदीं अरुंद, परंतु ती शिवणीसारखी दूरवर उसवत जाते.

ती अरुंद जागा कशी असते हें पाहण्यास मार्च २०१५ मध्यें चार यानांचा एक ताफा अमेरिकेनें सोडला. चारहि यानें एकमेकांपासून अवघ्या दहा-एक किलोमीटरांवर ठेवून १६ ऑक्टोबर २०१५ रोजीं पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या कडेशीं तीं नेमकीं तोडजागेंतून गेलीं, आणि ऋण कण रेषांची साथ सोडतांना त्यांनीं मोजले. आल्फव्हेन यांची सूचना येथें खरी ठरली. पार्कर यांच्या नांवाचें यान १२ ऑगस्ट २०१८ रोजीं सुटलें. त्याचें उड्डाण पाहावयास ते स्वतः हजर होते. २०२२ मध्यें ते निवर्तले. २४ डिसेंबर २०२४ रोजीं तें यान सूर्यापासून सुमारे एकसष्ट लक्ष किलोमीटरांवरून गेलें. सूर्याच्या जवळ त्या मोठ्या उलटसुलट पडद्यांत सांधेबदल फार वारंवार होतो, असें त्याच्या नोंदींवरून आढळलें आहे.

आतां सुईकडे परत येऊं. पृथ्वीभोंवतीं तिचें स्वतःचें चुंबकीय कवच आहे, आणि विषुववृत्तावर त्याच्या रेषा उत्तरेकडे तोंड करून असतात. सौर वाऱ्याचें चुंबकत्व उत्तराभिमुख असेल तर दोन्ही मार्ग एकाच दिशेचे. पुढच्या बाजूस सांधा बदलण्याचें कारण पडत नाहीं, आणि वारा बहुतांशीं कवचावरून घसरून जातो. तें दक्षिणाभिमुख असेल तर अप व डाऊन समोरासमोर येतात. जेम्स डंजी यांनीं १९६१ मध्यें दाखविल्याप्रमाणें कवचाच्या पुढील भागीं सांधेबदल होतो, दार उघडतें, आणि वाऱ्याची शक्ति आंत शिरते. आंत शिरलेल्या कणांचा पृथ्वीभोंवतीं एक प्रचंड विद्युत्-प्रवाह पश्चिमेकडे वाहूं लागतो, व त्याचें चुंबकत्व पृथ्वीच्या आडव्या बलाच्या उलट असतें. तें बल घटतें. कुलाब्याच्या वाचकांनीं लिहिलेले १६०० नॅनोटेस्ला ही आडव्या बलाची अशीच घट.

तेव्हां वादळ किती मोठें होईल हें केवळ सूर्यावर भडका किती मोठा झाला यावर ठरत नाहीं. येणाऱ्या लोटाचें चुंबकत्व उत्तरेस आहे कीं दक्षिणेस, हें जाणलें पाहिजे. आणि तें दुर्बिणींतून दिसत नाहीं. ही चिंता पोकळ नव्हे. १३ मार्च १९८९ रोजीं अशाच एका वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास बंद पडली, व साठ लक्ष माणसें अंधारांत राहिलीं.

भारतानें २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ हें यान सोडलें. ६ जानेवारी २०२४ रोजीं तें पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनें पंधरा लक्ष किलोमीटरांवरील आपल्या ठिकाणीं पोंचलें. त्यांतील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेनें तयार केली आहे. आमच्या विषयास महत्त्वाचा त्यांतील चुंबकमापक. तो यानाच्या अंगास चिकटविलेला नाहीं. सहा मीटर लांबीचा एक दांडा बाहेर काढून त्याच्या मध्यावर एक व टोंकास एक असे दोन मापक बसविले आहेत. हेतु हा कीं यानांतील विजेच्या तारांचें व धातूंचें चुंबकत्व मापनांत मिसळूं नये, आणि मिसळलेंच तर दोन मापकांतील फरकावरून तें वजा करतां यावें. आमचा बाकावरील होकायंत्राचा विद्यार्थी हें ऐकून हंसला. ट्रामपासून अलिबाग जशी दूर नेली, तसाच हा दांडा.

यान स्थानापन्न झाल्यास पुरते पांच महिनेहि झाले नव्हते, तों मे २०२४ च्या १० व ११ तारखांस वीस वर्षांतील सर्वांत प्रबळ वादळ आलें. लडाखांतील हानले येथें आकाशांत तांबडा प्रकाश उमटला व त्याचीं छायाचित्रें निघालीं. सूर्यावरून एकामागून एक सुटलेले अनेक लोट या वादळांत होते. आदित्य-एल१ व अमेरिकेचीं सहा यानें यांच्या नोंदी एकत्र जुळवून भारतीय शास्त्रज्ञांनीं जो अभ्यास २०२५ मध्यें प्रसिद्ध केला, त्यांत असें आढळलें कीं दोन लोट वाटेंत एकमेकांवर आदळून एवढे दाबले गेले, कीं एका लोटाच्या आंतच चुंबकरेषा तुटून नव्यानें जुळल्या. पिळाच्या दोरखंडासारखें त्या लोटाचें चुंबकत्व. त्याचाच पीळ वाटेवर बदलला. ज्या प्रदेशांत हा सांधेबदल चालू होता त्याची रुंदी सुमारे तेरा लक्ष किलोमीटर. शंभर पृथ्वी ओळीनें ठेवल्या तर तेवढी जागा भरेल. एका यानास हें कळलें नसतें; एक यान म्हणजे एका फलाटावर उभा असलेला एक माणूस. सात फलाटांवरच्या सात माणसांनीं आपापल्या घड्याळांवरून गाडीची वेळ सांगितली, तेव्हां ती किती लांब होती व कोठें वळली हें उमगलें.

यांतून निघणारी गोष्ट थोडी अडचणीची आहे. लोट सूर्यावरून निघतांना आपण त्याची दिशा कशीबशी ताडली, तरी वाटेंत सांधा बदलला तर ती पृथ्वीशीं येईपर्यंत तीच राहील याची खात्री नाहीं. पक्की बातमी मिळते ती पंधरा लक्ष किलोमीटरांवरच्या चौकीवर. आणि सेकंदास ५०० किलोमीटर धांवणारा वारा तेथून पृथ्वीवर यावयास पन्नास मिनिटें घेतो. म्हणजे ठाण्याहून धिम्या गाडीनें कल्याणास जाऊन यावें, जेमतेम तेवढा अवकाश. वादळी लोट याहूनहि वेगानें येतात.

शेवटीं विद्यार्थ्यांनीं विचारलें तें सांगतों: आपल्या शाळेंतील सुईस हें कळेल काय? साध्या होकायंत्रास नाहीं, कारण मुंबई-ठाण्यास वादळांत सुईची दिशा फारशी बदलत नाहीं. बदलतें तें बल. परंतु बल मोजण्याची जुनी युक्ति आहे. पीळ नसलेल्या रेशमी धाग्यानें एक चुंबकपट्टी काचेच्या बरणींत आडवी टांगावी, तिला किंचित् हेलकावा द्यावा, व शंभर हेलकाव्यांस किती वेळ लागतो तें मोजावें. बल कमी झालें कीं हेलकावे मंद होतात. वेळ बलाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. आमच्या पट्टीस शंभर हेलकाव्यांस सुमारे ५०० सेकंद लागतात. १८५९ च्या त्या शुक्रवारीं ही पट्टी कुलाब्यास टांगलेली असती तर ऐन वादळांत ५११ सेकंद लागले असते. अकरा सेकंदांचा फरक नववीच्या मुलासहि मनगटी घड्याळावर दिसेल. मे २०२४ च्या वादळांत मात्र तो अडीच सेकंदांच्या आसपास. तेवढा पकडावयास हात चांगला बसला पाहिजे, आणि खोलीची उष्णताहि टिपून ठेविली पाहिजे, कारण उकाड्यानें चुंबक स्वतःच किंचित् दुर्बळ होतो.

ती बरणी सध्यां तळमजल्यावरील टोंकाच्या खोलींत आहे. तेथील लोखंडी कपाट हलविण्यास चार शिपाई लागले. रोज सकाळीं प्रार्थनेपूर्वीं दोघे विद्यार्थी वाचन घेतात, एक मोजतो व एक लिहितो. होकायंत्र परत करणारा तो डोंबिवलीचा विद्यार्थी मोजणाऱ्यांत आहे. खोलींत शिरण्यापूर्वीं तो खिशांतील घराच्या किल्ल्या काढून बाहेरच्या खिडकींत ठेवतो.